पाठकोरी नोट

बाजारात त्याला सगळे डिंक्या म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथंच राहिलं. तरुणपणी बाइंडिंगच्या कारखान्यात तो पुस्तकांच्या पाठी चिकटवायचा. कारखाना बंद पडला, डिंक सुटला, नाव तेवढं चिकटून राहिलं. साठी उलटल्यावरही चहावाल्यापासून जुन्या नोटांच्या शेठपर्यंत सगळ्यांचा तो डिंक्याच. एकटी थोरली बहीण त्याला बाळ्या म्हणायची. तो तिला आक्का म्हणायचा.

कारखाना गेल्यावर त्याला पोसलं ते या शेठनं. शेठचं दुकान अरुंद गल्लीत, काचेच्या दोन कपाटांचं. गोऱ्या साहेबाचं राज्य जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्याच्या नोटा अजून माणसांना नादी लावत होत्या. त्या काळच्या सुरुवातीच्या नोटा एकाच बाजूनं छापलेल्या असत. पुढं वेलबुट्टी, रक्कम, शहराचं नाव, साहेबाची सही. मागं सगळं कोरं. बाइंडिंगवाले अशा कागदाला पाठकोरा म्हणतात, म्हणून डिंक्या या नोटांना पाठकोरी म्हणू लागला आणि बघता बघता दुकानात तोच शब्द रुळला. या पाठकोरीसाठी शहाणीसुरती, लेकराबाळांची माणसं खुळावून जात. कुणाला नंबर पाहिजे असे, कुणाला एखाद्या ठराविक साहेबाची सही, कारण तो साहेब खुर्चीत चार-पाच महिनेच टिकला. जितका साहेब लवकर मेला तितकी त्याची सही महाग, असं शेठ गिऱ्हाइकाला हसत हसत सांगायचा. कुणी नोट उजेडाला धरून कागदातली पाणखूण बघत बसे, आणि समोरचा चहा निवून त्यावर साय धरे. डिंक्याला याची गंमत वाटायची. चालणारी नोट माणूस थुंकी लावून मोजतो, म्हणायचा, आणि न चालणारीला चिमट्यानं धरतो.

या नोटा दुकानात यायच्या तेव्हा त्यांची दशा बघवत नसे. त्या काळी गड्ड्या टाचणीनं टोचून ठेवत, त्यामुळं प्रत्येकीला भोकं. भोकांभोवती गंज. घड्या, तेल, धूळ, आणि पाठीवर कुणाकुणाची शाई. अशी नोट डिंक्याच्या खोलीत जायची आणि आठ दिवसांनी कालपरवा छापल्यासारखी परत यायची. शेठ ती गिऱ्हाइकापुढं ठेवून सांगायचा, ही अशीच एका पेटीत मिळाली, हात लागलेला नाही. हात डिंक्याचा होता, पण तो कुणाला दिसला तर नोटेची किंमत अर्धी. म्हणून शेठनं त्याचं नाव कधी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. दिसलं की फसलं, हेच त्याच्या कामाचं माप होतं.

खोली किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होती. खालून दिवसभर कानस घासल्याचा आवाज. वर एक लांब टेबल, खिडकी उत्तरेची, भिंतीत नळ, आणि टेबलावर ओळीनं तीन पांढरे ट्रे. पहिल्यात कोमट पाणी. त्यात नोट जाळीवर ठेवून बुडवली की घड्या सैल होत, मळ सुटे. दुसऱ्यात लिंबाच्या सत्त्वाचं पाणी. ते गंज खाई, शाई खाई. तिसऱ्यात चुन्याची निवळी, कागदात शिरलेली आंबटाई मारायला, नाहीतर दहा वर्षांत कागद पापडासारखा तुटतो. पहिला, दुसरा, तिसरा. मग टिपकागद, मग काचेखाली वजन, मग भोकं बुजवणं. सत्तावीस वर्षं हाच क्रम. पाठीवरच्या शाईत कुणाचे हिशेब असतील, कुणाच्या सह्या, कुणाचे पत्ते. त्यातलं त्यानं कधीच काही वाचलं नाही. शाई म्हणजे डाग, आणि डागाला मजकूर नसतो.

एक नोट मात्र अशी होती, की तिच्या पाठीवरचं त्याला तोंडपाठ होतं. ती आक्काची.

आक्का त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. ती नऊ वर्षांची आणि हा दोनाचा असताना बाप जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला. जाताना त्यानं पोरीच्या हातात दहाची एक पाठकोरी ठेवली. ती तेव्हाही जुनीपानी होती. मागच्या कोऱ्या बाजूवर टाकानं दोन ओळी लिहून दिल्या: ‘पोरी, ही मोडू नकोस. मी आलो की दोघं मिळून मोडू.’ जहाज पुढच्या बंदराला लागलं, पण बाप वाटेतच तापानं गेला. आई चार वर्षांनी गेली. आक्कानं शाळा सोडली, लोकांची धुणीभांडी केली आणि भावाला वाढवला. चूल पेटायची नाही असे दिवस कमी नव्हते. शेजारीपाजारी म्हणत, अगं, डब्यात दहाची नोट ठेवून पोराला उपाशी का निजवतेस? ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या कुणाची तरी भांडी घासायला जायची. मग राज्य गेलं, नोटा बदलल्या, आणि ती नोट मोडायची म्हटली तरी मोडेना अशी झाली.

दर रविवारी दुपारी डिंक्या तिच्याकडं जायचा. तिचा नवरा, नळ बसवणारा, वारला होता. लेक लग्न होऊन लांब गेलेली. दोन खोल्यांत ती एकटी. आधी ती भावाच्या सदऱ्याची कॉलर तपासायची, मळली असली तर बोलणी द्यायची. मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायची. नोटेची एकेक घडी उलगडायची, चष्मा पुसायची, त्या दोन ओळी मोठ्यानं वाचायची, आणि मग बाप सुरू व्हायचा. बाप कसा कुत्र्यांना घाबरायचा. कसा एक गाणं अर्धंच म्हणायचा कारण पुढचं येत नव्हतं. आईशी भांडण झालं की भिंतीला कसा बोलायचा, ‘भिंती, हिला सांग, मी जेवणार नाही’, आणि मग भिंतीनंच समजूत घातल्यासारखा जेवायला बसायचा. डिंक्याला बापाचा चेहरा आठवत नव्हता. घरात फोटो नव्हता. त्याचा बाप म्हणजे रविवारचे ते दोन तास. म्हातारपण आलं तरी तो भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन ऐकायचा.

पण नोट चिरत चालली होती. घडीवरची चीर खालून सरकत ‘दोघं’पर्यंत आली होती. वर शाईनंही उचल खाल्लेली. जुनी शाई लोखंडाची. पुष्कळ वर्षं झाली की ती अक्षराखालचा कागदच जाळत जाते, आणि एक दिवस अक्षराच्या जागी अक्षराएवढं भोक राहतं. हे डिंक्याला भिंगाशिवाय दिसत होतं. दे, नीट करून आणतो, असं तो तीन वर्षं म्हणत होता. ती म्हणायची, तुझ्या त्या धोबीघाटावर माझा बाप नको.

शेवटी एका रविवारी नोट उलगडताना चीर ‘दोघं’च्या आत शिरली. तिनं विचारलं, “पाण्यात घालावीच लागेल?”

त्यानं तिन्ही ट्रे समजावून सांगितले. पहिल्यात घालीन, तिसऱ्यात घालीन. चुन्याच्या निवळीनं शाईचं खाणं थांबतं, अक्षराला काही होत नाही. दुसऱ्याच्या वाटेला जाणार नाही.

“बघ हं, बाळ्या,” ती म्हणाली. “माझ्याकडं दाखवायला दुसरं काही नाही.”

तिनं नोट दिली ती डब्यासकट. नुसती द्यायचा जीव झाला नाही.

मंगळवारी सकाळी त्यानं शेठचं सगळं काम बाजूला सारलं. टेबल पुसलं. दुसरा ट्रे ओतून टाकावा असं मनात आलं होतं. पण त्यातलं पाणी कालच शेठच्या चार नोटांसाठी ताजं केलेलं, सत्त्व काही फुकट येत नाही, आणि हात आपलाच असल्यावर भीती कुणाची? त्यानं नोट पालथी जाळीवर निजवली, पाठ वर, आणि पहिल्या ट्रेत अलगद सोडली. शाई हलली नाही. घड्या सुटू लागल्या. तो खूश होता. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तो आज करणार होता, आणि ते कुणी केलं हे, पहिल्यांदाच, नोटेच्या मालकिणीला माहीत असणार होतं.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. गोरेगोमटे, हातात चामड्याची चपटी पिशवी. दातांचे डॉक्टर. शेठचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, पण डिंक्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते दोन वर्षं त्याला शोधत होते, आणि पत्ता अखेर चहावाल्यानं दिला होता. शेठकडून घेतलेल्या नोटा त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या. डिंक्याला वाटलं, तक्रार आहे.

डॉक्टरांनी एका नोटेवर बोट ठेवलं. इथं टाचणीचं भोक होतं, म्हणाले. चार महिने भिंगातून बघत होतो, तेव्हा सापडलं. मूळ कागदाचा धागा ज्या दिशेला जातो त्याच दिशेला तुम्ही नवा धागा घातलात.

“शेठ म्हणतो, या नोटा जन्मल्या तशा आहेत. मी म्हटलं, खोटं बोल, पण माझ्याशी नको. मीपण आयुष्यभर भोकंच बुजवतोय. असं मला एकदाही जमलं नाही.”

सत्तावीस वर्षांत डिंक्याचं काम कुणी पाहिलं नव्हतं, कारण पाहता येऊ नये असंच ते होतं. त्याचे कान तापले. त्यानं डॉक्टरांना स्टूल दिलं, ते आधी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. आणि मग या अबोल माणसाची जीभ सुटली. धागा कुठून काढतो, जुन्या वह्यांचे कोरे कागद रद्दीवाल्याकडून कसे निवडतो, खळ किती पातळ हवी. अमुक नोटेचा कोपरा कसा उंदरानं खाल्ला होता आणि तो आपण कसा उभा केला. डॉक्टर मध्येमध्ये वा म्हणत होते. तो बोलत होता तसे हात आपलं काम करत होते. नोटेची वेळ झाली होती. त्यानं जाळी उचलली, पाणी निथळू दिलं, शेजारच्या ट्रेत ठेवली आणि उंदराची गोष्ट पुढं नेली. सत्तावीस वर्षं हात पहिल्यावरून दुसऱ्यावरच गेले होते. पहिल्यावरून तिसऱ्यावर जायची वाट त्यांना ठाऊकच नव्हती.

डॉक्टर ट्रेवर वाकले होते. “अहो, शाई विरघळली बघा,” ते म्हणाले. “काय सफाई आहे!” आणि त्यांनी टाळी वाजवली.

डिंक्यानं खाली पाहिलं. ‘पोरी’ गेलेलं होतं. वरची ओळ तांबूस होऊन पाण्यात धुरासारखी उठत होती. खालच्या ओळीतलं शेवटचं ‘मोडू’ अजून उभं होतं. त्यानं जाळी ओढली, तिसऱ्या ट्रेत आपटली, निवळी टेबलावर, डॉक्टरांच्या पँटवर उडाली. ‘मोडू’ तेवढ्यात फिकं झालं, पिवळं झालं आणि कागदाच्या रंगात मिसळलं.

डॉक्टरांना वाटलं, ही कामातलीच काही घाई असेल. त्यांनी चिमटा मागितला आणि नोट हळूच सुलटी केली. पुढची सही वाचली आणि त्यांचा आवाज खाली गेला. हा साहेब पाच महिने होता, म्हणाले. याच्या सहीच्या नोटा मी जन्मात दोन पाहिल्यात, दोन्ही दुसऱ्यांच्या कपाटात. आणि पाठ इतकी स्वच्छ! त्यांनी एक आकडा सांगितला. मग तो वाढवला. डिंक्या ट्रेकडंच बघत होता. तो म्हणाला, “दुकान बंद आहे.” त्याचं दुकान नव्हतंच, पण डॉक्टर उठले.

पुढच्या चार दिवसांत त्यानं ती चीर जोडली. इतकी बेमालूम, की कुठं होती ते त्याचं त्यालाही सापडेना. भोकं बुजवली. तिरप्या उजेडात मागच्या बाजूला टाकाचे ओरखडे अजून दिसत होते, शेत नांगरून पीक निघून गेल्यावर दिसतात तसे. त्याच्याकडं लोखंडाच्या शाईची एक जुनी कुपी होती. त्यानं रद्दीतल्या कागदावर त्या दोन ओळी लिहून बघितल्या. ‘पोरी’चा ‘प’ बापासारखाच आला. दुसऱ्यांदा लिहिल्या, सगळंच तसं आलं. ओरखड्यांवरून टाक फिरवला असता तर आक्काच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना काहीच कळलं नसतं. कळलं नसतं, हेच त्याला सोसेना. दर रविवारी ती त्याचं अक्षर मोठ्यानं वाचणार आणि तो भिंतीला टेकून ऐकणार. त्यानं लिहिलेला कागद दुसऱ्या ट्रेत टाकला आणि ट्रे मोरीत पालथा केला.

रविवारी तो नेहमीपेक्षा लवकर गेला. डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं नोट काढली, आता तिला घड्या नव्हत्या. तिनं चष्मा पुसला, नोट उलटी केली, सुलटी केली, परत उलटी केली. उजेडाचा दोष असेल म्हणून खिडकीशी गेली.

“पुसलं गेलं, आक्का,” तो म्हणाला. “माझ्या हातून.”

“मग परत आण,” ती म्हणाली, अगदी सहज, दुकानात छत्री विसरून आलेल्या पोराला सांगावं तसं.

“येत नाही ते.”

“न यायला काय झालं? त्या लोकांच्या नोटा नव्या करून देतोस की.”

त्यानं दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले, तेव्हा तिला कळलं. तिनं नोट डब्यात ठेवली, झाकण लावलं, ते नीट बसलं का बघितलं. मग त्याच्याजवळ येऊन, लहानपणी ठेवायची तसा त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडू नकोस, म्हणाली. कागदच तो. उठून तिनं चहा टाकला. चहा झाला, बाजारभाव झाले, लेकीचं पत्र वाचून झालं. त्या रविवारी बाप सुरू झाला नाही.

पुढच्याही नाही.

शेठला डॉक्टरांकडून सगळं कळलं होतं. एवढा आकडा कुणी नाकारतं का, अक्कल कुठं शेण खायला गेली होती, असं तो आठवडाभर बोलत राहिला. डिंक्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, यापुढं पाठीवर शाई असलेल्या नोटा मला देऊ नकोस. शेठ म्हणाला, मग तुला काय नुसत्या बघायला देऊ? काम निम्म्यावर आलं. ज्या थोड्या शाईवाल्या चुकून येत त्यांची पाठ तो आधी वाचायचा. एकीवर नुसतं लिहिलं होतं, ‘दार लावून घे.’ कुणी कुणाला लिहिलं, कोण जाणे. ती त्यानं तशीच परत पाठवली.

आक्का बोलायची, हसायची, त्याच्या कॉलरीवरून बोलणी द्यायची. दुखावल्याचं एक अक्षर तिनं कधी काढलं नाही. तिनं काढलं असतं तर बरं झालं असतं. डबा कपाटावर गेला होता, आणि त्याच्यावर आता औषधांच्या बाटल्या होत्या. पाच-सहा महिने असे गेल्यावर एका रविवारी त्यानंच विषय काढला.

“आक्का, बाबांचं सांग की.”

ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. “काय सांगू?”

“काहीही.”

तिनं हातातली घडी घातली, दुसरी घेतली. “कुठून सुरू करू तेच कळत नाही रे,” ती म्हणाली. “ते वाचलं की पुढचं आपोआप यायचं.”

त्यानं त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. त्याला येतच होत्या. पोरी, ही मोडू नकोस. मी आलो की दोघं मिळून मोडू. ती मान कलती करून ऐकत राहिली. मग, परक्या माणसाचं मन राखावं तशी म्हणाली, “शब्द तेच आहेत.”

मग त्यानं स्वतःच सुरुवात केली. बाबा निघाले ती दुपारची वेळ होती, ऊन मी म्हणत होतं, असं तो मुद्दाम म्हणाला. बाप पहाटे गेला होता. धुक्यात, दोन हातांवरचं दिसत नव्हतं, आणि आक्का अनवाणी धक्क्यापर्यंत पोचवायला गेली म्हणून तिचे पाय गारठले होते. हे तिनं शंभरदा सांगितलेलं. बापाच्या बाबतीत एवढीशी चूकही ती कधी खपवून घेत नसे. तुला काय ठाऊक, तू झोपला होतास, म्हणून त्याला गप्प करायची आणि पुढचं स्वतः सांगायला घ्यायची.

तो थांबला. ती हातातल्या उशीच्या अभ्र्याची सुरकुती तळहातानं मोडत होती.

“असेल,” ती म्हणाली. “दुपार असेल.”

तेव्हा पुढचं त्यालाच सांगावं लागलं. धक्का, माणसांची गर्दी, बापाची पत्र्याची पेटी. आठवत होतं तसं, आणि नाही तिथं अंदाजानं. आक्का घड्या घालत हूं हूं म्हणत होती. जहाजाच्या शिडीपर्यंत त्यानं बापाला एकट्यानं नेऊन पोचवलं.